मागाच्या जागी गाडी

रुपरावजींच्या गाडीला पाण्याचं वावडं होतं. मे महिन्यात, जेव्हा नागपुरात माणसंसुद्धा चालू होत नाहीत, तेव्हा ती पहिल्या सेल्फला खाकरून उभी राहायची. हिवाळ्यात तर तिच्याइतकं कह्यातलं जनावर आमच्या गल्लीत दुसरं नव्हतं. मारोतराव तांगेवाल्यांचा घोडा धरूनसुद्धा. पण पावसाळा मुरला, भिंतींना बुरशी आली, की तिचं बिनसायचं. सेल्फ मारला की आतून हवा गेलेल्या पेटीसारखा एक लांब सूर निघायचा, तो बारीक होत होत विझायचा, आणि मग नुसतं टक्-टक्.

गाडी विलायती होती. कोणत्या कंपनीची ते सांगता येत नाही, कारण तिच्या कपाळावरची अक्षरं आधीच्या कोण्या मालकानं आठवण म्हणून काढून घेतली होती. रुपरावजींनी ती एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली. डॉक्टर पुण्याला राहायला चालले होते आणि गाडी तिथवर जाईल अशी त्यांना खात्री नव्हती. हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलंही होतं. पण गाडी पाहायला गेलेला माणूस आणि मुलगी पाहायला गेलेला माणूस, दोघांनाही त्या वेळी जरा कमी ऐकू येतं.

रुपरावजी खापरखेड्याच्या पॉवर हाऊसात फोरमन होते. त्यांची पाळी असेल तेव्हा अर्ध्या जिल्ह्याचे दिवे त्यांच्या देखरेखीखाली जळत. त्याच माणसाला स्वतःच्या घरच्या इंजिनात मुगाएवढी ठिणगी पाडता येऊ नये, हा विषय आमच्या गल्लीला पावसाळाभर पुरायचा. गोळीबार चौकाच्या मागची ही गल्ली विणकरांची. एके काळी दारोदारी हातमाग खटखटत. मग ते एकेक करून थांबले, लोकांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ लागलं आणि तेव्हापासून गल्लीत भांडणं वाढली, असं मारोतराव म्हणायचे.

रुपरावजींच्या घरचा माग त्यांचे वडील वारले तेव्हा निघाला. समोरची खोली मोकळी झाली. तिची दर्शनी भिंत पाडून रुपरावजींनी तिथे गाडी घातली. मागाखाली एक खड्डा असतो, त्यात पाय सोडून विणकर बसतो. तो खड्डा त्यांनी बुजवला नाही. गाडीखाली उतरून पाहायला तो आयताच मिळाला होता. नवऱ्यानं जन्मभर जिथे पाय हलवले तिथे आता मुलगा पाना घेऊन उभा राहतो, याबद्दल रुपरावजींच्या आईनं, तुळसाबाईंनी, कधी तक्रार केली नाही. फक्त त्या गाडीला गाडी म्हणत नसत. "मागाच्या खोलीतली" म्हणत. सवतीचं नाव टाळावं तसं.

झड लागली की उपचार ठरलेले होते. रुपरावजी चारही प्लग काढत आणि त्यांच्या पत्नी गोपिकाबाई ते तव्यावर शेकून देत. ज्वारीची भाकर उतरली की त्याच तव्यावर प्लग. एकदा गोपिकाबाईंनी सवयीनं त्यांच्यावरून पाण्याचा हातही फिरवला होता. दुसरा उपचार डेल्कोचा. डेल्को म्हणजे इंजिनाच्या कुशीला, खालच्या अंगाला असलेली एक डबी. तिच्यातून चारही प्लगांना वीज वाटली जाते. तिच्या झाकणात ओल शिरली की वाटप बंद. रुपरावजी झाकण काढून मऊ फडक्यानं पुसत, उन्हाची आठवण म्हणून कंदिलावर धरत आणि परत लावून त्यावर मेणकापडाची टोपी बांधत. एवढं केल्यावर गाडी कधी चालू व्हायची, कधी व्हायची नाही. वैद्यकाचंही तसंच असतं.

सत्त्याहत्तर साली भाद्रपदात झड लागली ती उठायलाच तयार नव्हती. आभाळ छपरांच्या कवेलूंवर येऊन टेकलं होतं. कपडे वाळत नव्हते, काड्या पेटत नव्हत्या, मी शिकवत होतो त्या कॉलेजात पोरं येत नव्हती, त्यामुळे मीही घरीच होतो. अशा एका दुपारी रुपरावजींकडे पारशिवनीकडून बळीराम आला. बळीराम हा तुळसाबाईंच्या बहिणीच्या, जनाबाईंच्या घरचा गडी. डोक्यावर पोत्याची खोळ, पायात चिखलाचे जोडे. दारातच उभा राहून म्हणाला, "जनामायचं काही खरं नाही जी. चार दिस झाले, अन्न नाही. तुळसीले बलावा म्हणते. एकच बोलणं."

तुळसाबाई आतून आल्या. रडल्या वगैरे नाहीत. "पाणी मागते काय?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मागत नाही. वहिनी चमचा लावते तं तोंड फिरवते. म्हणते, तुळसी येईन."

दोघी बहिणींची बोली होती. आई लहानपणी गेलेली. जनाबाई थोरली, तिनंच धाकटीला वाढवलं, आणि आईच्या तोंडात शेवटचं पाणी घालायला घरात कोणी नव्हतं हे दोघींना आयुष्यभर लागून राहिलं. म्हणून ठरलेलं की दोघींतली जी आधी जाईल तिला दुसरीनं पाणी पाजायचं. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती, कारण तुळसाबाई दर उन्हाळ्यात, तब्येत जरा नरम झाली की, "जनीले निरोप धाडा" म्हणून ती काढत. आपण धाकट्या, तरी आधी जाणार आपणच, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

संध्याकाळची एस.टी. अजून होती. मारोतराव आपल्या दारातून म्हणाले, "तांगा जोडू काय? स्टँडावर सोडून देतो."

रुपरावजी म्हणाले, "घरी गाडी असून मायले एस.टी.त कोंबू काय? सकाळी उजाडलं की निघतो. आठाच्या आत पारशिवनी."

"गाडीनं मनावर घेतलं तं."

"घेईन."

खरं म्हणजे तुळसाबाईंनाही तेच हवं होतं. "जनीले म्हणलं होतं, रुप्याच्या गाडीत येईन तुह्याकडे," त्या म्हणाल्या. "तिनं पाहिलीच नाही. दरसाल म्हणते, तुह्या पोराची गाडी खरी हाय की बोलायचीच हाय." गाडी आल्यापासून एकदाही पारशिवनीला गेली नव्हती. पावसाळ्यात ती जात नसे आणि उरलेल्या दिवसांत जायची घाई नव्हती.

त्या संध्याकाळी रुपरावजींनी सगळे उपचार केले. प्लग काढून घरात नेले. डेल्को पुसला, कंदिलावर धरला, टोपी बांधली. बॅटरीवर आपली जुनी शाल घातली. पॉवर हाऊसातल्या टर्बाईनवर त्यांनी एवढी माया केली असती तर त्यांना बढती मिळाली असती. मग सगळे निजले.

सकाळी मी छत्री घेऊन त्यांच्या दारात गेलो तेव्हा अंधुक उजाडलं होतं. वीज गेलेली होती. फोरमन कंदील धरून स्वतःच्या घरात चाचपडत होता. गोपिकाबाईंनी तव्यावरचे गरम प्लग फडक्यात गुंडाळून आणले. रुपरावजींनी ते वरच्या वर बसवले, तारा चढवल्या, खाली डेल्कोवर टोपी जागच्या जागी आहे एवढं पाहिलं आणि बॉनेट लावलं.

"बाळंतिणीच्या खोलीसारखा वास येऊन राहिला," मी म्हणालो. खोलीत ओव्याचा दाट वास होता.

"माय पोटाले ओवा घेत असंल," रुपरावजी म्हणाले.

तुळसाबाई तोवर मागच्या सीटवर जाऊन बसल्याही होत्या. इरकल लुगडं, मांडीवर बहिणीसाठी नवी चोळी, हातात पितळेचा फिरकीच्या झाकणाचा गडू. समोर पाहत बसल्या. बळीराम पुढे बसला. तोही गाडीत पहिल्यांदाच बसत होता. त्यानं पाय वर घेतले होते.

सेल्फ मारला. पेटीचा सूर निघाला. विझला.

पुन्हा मारला. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा सूरसुद्धा निघाला नाही.

गल्लीला हा आवाज ओळखीचा होता. दारं उघडली, छत्र्या उघडल्या. सगळ्यात आधी भैयाजी आले. त्यांची पिठाची चक्की होती, तेव्हा ते स्वतःला यंत्रातले समजत. त्यांनी बॉनेटवर थाप मारून आवाज ऐकला, जसं कलिंगड घ्यायचं आहे, आणि म्हणाले, "पेट्रोल में पानी है. मैं तो पहले ही बोला था."

"केव्हा बोलले तुम्ही?" कोणीतरी विचारलं.

"मनात."

मारोतरावांचं मत निराळं होतं. "घोडा अडला तं कोणी त्याच्या पोटात पाहाते काय? त्याचं मन पाहा लागते. हिले आता दहा मिन्टं कोणी काही बोलू नका."

दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. फक्त पावसाचं चालू होतं. मग रुपरावजी म्हणाले, "धक्का मारू."

धक्का मारणं हे आमच्या गल्लीचं एकमेव सामुदायिक कार्य. गणपतीची वर्गणी द्यायला न येणारे लोकही धक्का मारायला येत. आम्ही सात-आठ जण मागे लागलो. "माय, उतर जराशी," रुपरावजींनी खिडकीतून सांगितलं. "वजन होते."

"मी उंबरा ओलांडून आली आता. मरणाऱ्याच्या वाटेवर निघालेलं माणूस खाली उतरत नाही."

"अवं, इथंच उभी राहा, घरात नको जाऊ."

"तू ढकल."

म्हणून आम्ही तुळसाबाईंसकट ढकलली. खोलीतून बाहेर, गल्लीतून चौकाकडे, जिथे जरा उतार आहे. मागच्या काचेतून त्यांचा अंबाडा दिसत होता. तो हललासुद्धा नाही. उतारावर रुपरावजींनी गिअर टाकला, गाडीनं एक हिसका दिला, आम्ही तोंडावर आपटता आपटता वाचलो आणि गाडी उभी राहिली. पुन्हा ढकलली. चौकाला वळसा घालून पलीकडच्या उतारावर नेली. गाडीनं फटाकासुद्धा फोडला नाही. एरवी एवढ्या धक्क्यांत ती निदान शिवी तरी द्यायची.

"सकाळची एस.टी. अजून भेटंल," मारोतराव म्हणाले. "मी तांगा जोडतो."

रुपरावजींनी आईकडे पाहिलं. आईनं समोर पाहिलं. "आता होते," रुपरावजी म्हणाले. "हँडल मारून पाहातो. घरीच राहिलं हँडल."

आम्ही दोघं हँडल आणायला परत गेलो. गाडी निघाल्यामुळे खोली पुन्हा मागाच्या खोलीसारखी दिसत होती. मध्ये तेवढा खड्डा. हँडल कोपऱ्यात होतं. रुपरावजींनी ते उचललं आणि वळता वळता थांबले.

खड्ड्यात विटा रचलेल्या होत्या. तळाशी पाणी झिरपलं होतं म्हणून एकावर एक, चांगल्या उंच. वर लोखंडी शेगडी. रुपरावजी खाली उतरले आणि त्यांनी राखेवर हात धरला. राख अजून गरम होती. कडेला ओवा पडलेला, काही दाणे न जळलेले. आणि दोन पोती, ज्यांनी बहुधा रात्रभर बॉनेट झाकलं होतं, घडी घालून नीट ठेवलेली.

विणकराच्या घरात हे काही नवीन नाही. खळ लावलेलं सूत झडीत वाळत नाही, चिकटून बसतं, फणीत तुटतं. तेव्हा मागाच्या खड्ड्यात शेगडी ठेवतात आणि वरून पोती टाकून रात्रभर मंद शेक देतात. तुळसाबाईंनी अशी किती लुगडी वाचवली असतील याची गणती नव्हती. बाळंतिणींनाही त्यांनी हाच शेक दिला. गल्लीतले निम्मे लोक त्यांच्या शेगडीवर वाळलेले. मागाच्या जागी उभी, पाण्यानं आजारी, पोटातल्या तारा दमट झालेल्या. अशा जिवाला दुसरं काय द्यायचं असतं?

रुपरावजी वर आले. हँडल घेऊन चौकात गेले, बॉनेट उघडलं, आत वाकले आणि डेल्कोवरच्या मेणकापडाच्या टोपीला हात घातला. टोपी निघाली ती भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी. तिच्याबरोबर तारांचं रबर आलं. चारही तारा वितळून एकमेकींत गुंतल्या होत्या आणि झाकण मधोमध तडकलं होतं. पेट्रोलची नळी तिथून वीतभर अंतरावर होती. गाडी, खोली आणि तुळसाबाई सकाळपर्यंत शाबूत राहिल्या हेच नवल होतं.

"काय निघालं?" भैयाजींनी मान घातली.

रुपरावजींनी बॉनेट लावलं. "पाणी," ते म्हणाले. "पाणी गेलं आत."

"मैं बोला ना."

मागची खिडकी खाली झाली. "काय झालं गा?"

"काही नाही माय. पाणी लय झालं. तांग्यानं जाऊ."

सकाळची एस.टी. तोवर निघून गेली होती. मारोतरावांनी घोडा जोडला. तुळसाबाईंना गाडीतून थेट तांग्यात घेतलं. जमिनीला पाय लागू दिला नाही, मारोतराव आणि बळीरामानं उचललं. मीही चढलो, कारण रुपरावजींनी "चला" म्हटलं होतं आणि नाही म्हणावं असा तो आवाज नव्हता.

पुढची बस बऱ्याच उशिरानं मिळाली. खिडक्यांना काचा नव्हत्या, त्यांच्या जागी लोकांच्या पाठी होत्या. कन्हान नदी ओलांडली, शेतं लागली. कपाशी पाण्यात उभी होती, गुरं झाडांखाली. तुळसाबाईंनी गडू पदराखाली धरला होता. मध्येच बळीरामाला विचारायच्या, "किती राहिलं रे?" तो सांगायचा, "आलंच." तो दर वेळी तेच सांगत होता, आणि त्याच्या मते प्रत्येक वेळी ते खरं होतं.

पारशिवनीच्या अलीकडे एक नाला आहे. त्यावर पूल नाही, रपटा आहे, पाणी वरून वाहून जाईल असा फरशीचा रस्ता. एरवी बैलंसुद्धा त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. बस तिथे थांबली. रपट्याच्या जागी तांबडं पाणी जात होतं, एक अख्खं बाभळीचं झाड घेऊन. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि बिडी शोधली.

"किती वेळ?" रुपरावजींनी विचारलं.

"पाणी उतरलं म्हणजे." कंडक्टर खाली उतरून पाण्याकडे पाहत होता. "आता तासाभरातच चढलं हे. सकाळची गाडी आरामात गेली. चाक बी नाही भिजलं, म्हणून राहिला होता ड्रायव्हर."

रुपरावजींनी मान हलवली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पलीकडच्या काठावर चार-पाच माणसं येऊन उभी राहिली. आमच्याकडे पाहत होती. बळीराम पुढे गेला, तोंडाशी हात धरून ओरडला. पलीकडून कोणीतरी ओरडलं. मध्ये पाणी इतकं बोलत होतं की माणसाचं काही पोचत नव्हतं.

"गणपतराव आहे थो," बळीराम म्हणाला. "आमच्या घराजवळचा."

तो गणपतराव थोडा वेळ हात हलवत राहिला. मग आवाज पोचत नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तसाच, उघड्या डोक्यानं, पावसात उभा राहिला. मागच्यांनीही एकेक करून टोप्या काढल्या.

तुळसाबाई बसच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांना लांबचं दिसत नव्हतं. "काय म्हणते थो?"

रुपरावजी पायरीशी आले.

"रुपा, काय करून राहिला थो?"

"टोपी काढली माय," रुपरावजी म्हणाले.

त्या उभ्याच राहिल्या. पाऊस त्यांच्या कपाळावर पडत होता, त्यांनी पुसला नाही. मग म्हणाल्या, "पाणी कोणं पाजलं असंल?"

"असंल जी वहिनीनं," बळीराम म्हणाला. "सून आहे."

"सुनेचं काय सांगतं? बोली माही होती."

आम्ही संध्याकाळपर्यंत तिथे थांबलो. पाणी उतरलं नाही. पलीकडची माणसं निघून गेली होती. भर झडीत सरण पेटवायचं तर आधीच्या तयारीला पुष्कळ हात लागतात. शेवटी कंडक्टर म्हणाला, गाडी परत नेतो. बळीराम नाल्याकाठच्या एका झोपडीत राहिला, सकाळी पाणी उतरलं की जाईन म्हणाला. तुळसाबाईंनी चोळी त्याच्याजवळ दिली. गडू दिला नाही.

परतीच्या बसमध्ये माणसं थोडी होती. तुळसाबाई खिडकीकडे, त्यांच्या शेजारी रुपरावजी, पुढच्या सीटवर मी. कन्हान जवळ आली तेव्हा मागून झाकणाची फिरकी उघडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. तुळसाबाई गडूतलं पाणी स्वतः पीत होत्या. सगळं प्याल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "सकाळपासून कोरडं होतं."

थोड्या वेळानं, आवाज जरा खाली आणून, त्यांनी विचारलं, "रुपा, मी रातच्याले मागाच्या खोलीतलीले शेक देल्ला होता. तुले सांगतलं नाही, तू थकून राहिला होता. बाळंतिणीले देतो तसा, ओवा टाकून. तरी बी नाही उठली?"

एस.टी.च्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"शेक कमी पडला काय गा? अजून दोन घमेले कोयसा होता घरी. मी म्हणलं, जास्त होईन."

"नाही माय," रुपरावजी म्हणाले. "शेक बरोबर होता. पाणीच जास्त होतं."

"बरोबर होता ना?"

"बरोबर होता."

त्यांनी मान डोलावली आणि त्या डोळे मिटून बसल्या.

आम्ही गल्लीत पोचलो तेव्हा गाडी आपल्या जागी होती. गल्लीनं ती ढकलत परत आणली होती, म्हणजे खड्डा, विटा आणि शेगडी सगळ्यांनी पाहिली होती. भैयाजींनी पाहिली होती, मारोतरावांनी पाहिली होती. गोपिकाबाईंनी तोवर विटा काढून शेगडी घासून जागेवर ठेवली होती. पण आमच्या गल्लीत एवढ्यानं काही लपत नाही. इथे कोणाच्या घरी पाहुण्यांना किती पोळ्या केल्या याचीही चर्चा होते. मला वाटलं, आता हे वर्षभर चालणार. भैयाजींसमोर मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम गाडीचा विषय काढला, पाण्याची खोली पाहावी तसा. ते पीठ चाळत राहिले. "पेट्रोल में पानी था," ते म्हणाले. मारोतरावांना विचारलं तर म्हणाले, "हिचं मनच नव्हतं." गल्लीत पितृपक्ष आला, भाद्रपद संपला, तरी शेगडी हा शब्द कोणी काढला नाही. लोक स्वयंपाकाच्या शेगडीलासुद्धा त्या दिवसांत चूल म्हणत होते.

तुळसाबाईंनी बहिणीचं सुतक पाळलं. लग्न झालेल्या बहिणीचं एवढं पाळत नाहीत असं कुणी म्हणालं, त्यांनी ऐकलं नाही. पाणी सुनेनं पाजलं की नाही हे त्यांनी पुढे पारशिवनीहून आलेल्या कोणालाच विचारलं नाही. आलेल्यांनी सांगितलंही नाही.

रुपरावजींनी नव्या तारा आणल्या, झाकण आणलं. एका सुट्टीच्या दिवशी दुपारभर खड्ड्यात उभं राहून ते बसवलं. कोरडी हवा होती. गाडी पहिल्या सेल्फला खाकरून उभी राहिली, जशी काही झाल्या प्रकाराशी तिची ओळखच नाही. त्यांनी ती बंद केली आणि हात पुसत ओट्यावर येऊन बसले. कुठे नेली नाही.

मग दसऱ्याच्या आधी पाऊस परत आला. परतीचा असतो तसा, एक-दोन दिवसांचा म्हणून आलेला आणि मुक्काम केलेला. दुपारची वेळ होती. रुपरावजी आणि मी त्यांच्या ओट्यावर बसून पाण्याकडे पाहत होतो. आतून तुळसाबाई आल्या. एका हातात शेगडी, पदरात कोळसे. आमच्याकडे न पाहता त्या खोलीत शिरल्या आणि खड्ड्याच्या काठाशी बसून त्यांनी शेगडी खाली उतरवायला घेतली.

"माय, राहू दे," रुपरावजी म्हणाले.

"काहून?"

रुपरावजी उठून खोलीच्या तोंडाशी गेले. मी मागोमाग. तुळसाबाई मान वर करून त्यांच्याकडे पाहत होत्या. खरंच विचारत होत्या.

"मांगच्या वेळी कमी पडला असंल," त्या म्हणाल्या. "तू म्हणतं बरोबर होता. पण उठली तं नाही. या बारीनं आधीपासून देतो. कोणाकडे कधी जा लागते, सांगता येते काय?"

बाहेर भैयाजींच्या चक्कीचा पट्टा फटफटत होता. रुपरावजींनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"तारा तरी काढून घ्या," मी त्यांच्या कानाशी म्हणालो. "नव्या आहेत."

"हात फिरवून पाहाते थे," ते तेवढ्याच हळू म्हणाले. "आत हात घालून. सूत पाहावं तसं. समजंल तिले."

मग आईकडे वळून, पाळीवर माणसांना सांगतात त्या आवाजात म्हणाले, "तुह्यावाला कोयसा ओला हाय माय. धूर करंल नुसता. थांब, मी सुका आणतो."

आणि ते घमेलं घ्यायला आत गेले.